सातव्या मिनिटाला बंद केलेला गॅस

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, एक कान मोडलेला, बुडाशी काळा पडलेला. मित्रांनो, मला बघून नाक मुरडायचं तर खुशाल मुरडा, पण आधी माझं ऐकून घ्या. माझ्यावर आळ आला आहे आणि तो खोटा आहे.

कारखान्यात ॲल्युमिनियमच्या एका चकतीला दाबून मला घडवलं. मग एका घरी मी बारा वर्षं राबलो. त्या घरातल्या मुलीचा पहिला मऊ घास माझ्यातच शिजला. तिची आई शेजारणींना सांगायची, "याने मला कधी दगा दिला नाही." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं! पुढे नवा कुकर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

एक दिवस त्याच मुलीने शिडी लावून मला खाली काढलं. ती आता हायस्कुलात होती आणि शाळेच्या जीवशास्त्र संघाची कॅप्टन होती. जीवाणूंचं खाद्य निर्जंतुक करायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं.

"आई, हा नेऊ?"

"ने. पण तुमचे जंतू शिजवून झाले की माझ्या ओट्यावर परत आणायचा नाही."

मी मनातल्या मनात उड्या मारल्या. आपली पोर आपल्याला विसरली नाही, असं वाटलं. वेडाच मी.

संघात तिघं होती. कॅप्टनला पोहण्याचं वेड. दुसरा ठोक्या, त्याला ड्रम वाजवायचा नाद, जे दिसेल त्यावर बोटं चालायची, माझं झाकणही सुटलं नाही. तिसरी रंगारी. ती वहीभर जीवाणूंची चित्रं काढायची. निरुपद्रवी जीवाणूंमध्ये नवा जनुक घालायचा आणि दूध नासू लागलं की ते निळे पडायला हवेत, ही कल्पना तिचीच. माझ्या झाकणाची रबरी रिंगही तीच बसवायची. बोट फिरवून दोनदा तपासायची. इतक्या मायेने मला त्या घरातही कुणी हात लावला नव्हता.

नियम साधा होता. पूर्ण वाफ धरल्यावर वीस मिनिटं आच, मग मी आपोआप निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. विज्ञान स्पर्धेआधीच्या शेवटच्या खेपेला ठोक्या तापाने घरी होता. रंगारी रिंग बसवून तासाला गेली. कॅप्टन एकटी उरली. तिची पोहण्याची निवडचाचणी होती आणि ती सारखी घड्याळ बघत होती. सातव्या मिनिटाला तिने गॅस बंद केला, चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडली आणि वहीत लिहिलं, "वीस मिनिटं."

तीन दिवसांनी जीवाणू वाढवायच्या सगळ्या बशांमध्ये हिरवी बुरशी माजली. दोन महिन्यांची मेहनत मातीत गेली, स्पर्धाही हुकली. जीवशास्त्राच्या बाईंनी विचारलं, "असं झालं कसं?"

कॅप्टनने माझ्याकडे बोट दाखवलं. "कुकर जुना आहे, बाई. रिंग नीट बसली नव्हती, वाफ निसटत होती."

"रिंग कोण बसवतं?"

कॅप्टनने नुसतं रंगारीकडे पाहिलं.

मित्रांनो, जिला मी भरवलं तिनेच माझ्या तोंडावर हे केलं. माझं जाऊ द्या, मी भांडं आहे. पण त्या दिवसापासून रंगारीकडे फक्त तक्ते रंगवायचं काम आलं. बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तुझं लक्ष चित्रांत जास्त असतं." तिने मान डोलावली. तिला ते खरंच वाटलं.

आता शाळेत नवं यंत्र आलं आहे आणि मी सामानाच्या खोलीत आहे. परवा रंगारी आली. तिने खिशातून नवीकोरी रिंग काढली, माझ्या झाकणात बसवली, बोट फिरवून तपासली. मग हळूच म्हणाली, "सॉरी हं. माझ्यामुळे तुझं नाव खराब झालं."

माझा जीव तुटला. सात माणसांचा स्वयंपाक पोटात घेऊनही मी असा घुसमटलो नव्हतो. कॅप्टन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "चल, उशीर होतोय."

मित्रांनो, मला घासू नका, पुसू नका, या खोलीत पडून राहायला माझी ना नाही. फक्त ती रंगारी तुम्हाला कुठे भेटली, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तुझी रिंग नीट बसली होती.