जागेचा पहिला घोट

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. अंगाने पितळी, आतून कल्हई केलेला, तोंडावर पेचाचं झाकण. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तांब्याला कसली आलीय गोष्ट? तो तर एका कोपऱ्यात गप उभा राहणारा. पण गप उभं राहणं माझ्या स्वभावातच नाही. मी प्रवासाचा तांब्या. एका जागी ठेवलं की माझी चुळबुळ सुरू होते.

मला कोलशेतच्या रघुबाबाने ठाण्याच्या बाजारातून आणलं. बाबा खाडीकाठच्या मिठागरात राबायचा. तिथे चहूकडे पाणीच पाणी, पण पिण्याजोगा घोट मिळेल तर शपथ. ते गोड पाणी मी घेऊन जायचो. खाऱ्या हवेने माझं झाकण घट्ट बसायचं, म्हणून बाबा मला बांधावरच्या दगडावर दोनदा हळूच आपटायचा आणि मग फिरकी उघडायचा. पहिला घोट तो बांधावर ओतायचा. "आधी जागेला," म्हणायचा, "तिच्या जिवावर खातो आपण." त्याची मुलगी रतन मला रोज चिंचेने घासायची. तेव्हा मी असा लखलखायचो की बाबा माझ्यात बघून डोक्याचं फडकं नीट करायचा.

पुढे मिठागर बंद झालं. एका सकाळी बाबा मला घेऊन निघाला, तर वाटेवर पत्रे ठोकलेले. तो तसाच मागे फिरला. भरलेलं पाणी त्याने घरी येऊन तुळशीला घातलं आणि पुन्हा त्या वाटेला गेला नाही. शेवटच्या आजारपणात त्याने मला रतनच्या हातात दिलं. "एकदा जागेला पाणी पाज गो," तो म्हणाला. "मी तिला सांगून नाय आलो."

रतन तोवर लग्न होऊन मोहने गावाला गेलेली. ती मला घेऊन एकदा आली, पण फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही. मग पत्र्यांच्या जागी भिंत आली, भिंतीमागे मोठं हॉटेल आलं. मी मोहन्याच्या घरी शोकेसमध्ये जाऊन बसलो. कुणीतरी माझ्यात मोरपिसं खोचली. पाहुणे कौतुक करायचे, "अँटिक आहे हो तुमच्याकडे." मला राग यायचा. पोटात पाणी नाही आणि बाबाचा शब्द राहिलेला, त्या कौतुकाचं मी काय लोणचं घालू?

यंदा रतनच्या लेकीने, योगिनीने, आईबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाला नेमकं त्याच हॉटेलात एका रात्रीचं बुकिंग भेट दिलं. ती ऐरोलीला नोकरी करते. "आई, खाडी दिसणारी रूम घेतलीय. बाबांबरोबर मस्त आराम कर," ती म्हणाली. रतन नुसती हसली. पण संध्याकाळी तिने माझ्यातली मोरपिसं काढली आणि वाटीत चिंच भिजत घातली. माझी जी घालमेल सुरू झाली म्हणता, विचारू नका.

निघताना तिने मला पाण्याने भरून बॅगेत ठेवलं. हॉटेलच्या दारात बॅग मशीनमधून गेली आणि आमची वाट अडली. "बाहेरचं पाणी आत चालत नाही," तिथला माणूस म्हणाला. रतनचे यजमान उत्तमराव कारखान्यातून निवृत्त झालेले, तोंडाने तिखट. पण तिथे ते एकदम मऊ झाले. "देवाचं पाणी आहे रे बाबा," ते म्हणाले. त्या माणसाने मला हात जोडले आणि सोडून दिलं. खोटं काही नव्हतं त्यात.

खोलीत शिरल्या शिरल्या रतनने पडदा ओढला. समोर भिंत. भिंतीवर ओळीने एसीच्या पेट्या, त्यांचं पाणी टपटप गळतंय. बाकी काही नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. उत्तमराव तावातावाने खाली गेले. काउंटरवरची ऐश्वर्या नावाची मुलगी गोड बोलली, पण लग्नाचे पाहुणे आल्यामुळे खाडीकडच्या सगळ्या रूम त्यांना दिल्यात म्हणाली. मागच्या हिरवळीवर मांडव, तिथेही जायला मनाई.

तेवढ्यात योगिनीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, खाडी दिसते ना?"

रतनने घाईघाईने फोन बाथरूमकडे वळवला. "हे बघ, केवढा मोठा आरसा हाय," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर उत्तमराव चिडले. "तिला खरं का नाही सांगितलंस? ती या लोकांना चांगली फैलावर घेईल."

"पोरीने हौसेने दिलंय," रतन म्हणाली. "तिचं तोंड एवढंसं होईल. नको."

मग तिने मला बॅगेतून काढलं आणि मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिली. "बापूस काय म्हणंल," एवढंच बोलली. मित्रांनो, खाडी भिंतीपलीकडे होती आणि मी भरलेला होतो. मला पाय असते तर मी एकटाच गेलो असतो.

सकाळी रतन आपल्या सवयीने वागली. दुसऱ्याच्या घरून निघताना पसारा ठेवायचा नाही, ही तिच्या आईची शिकवण. तिने चादरी घडी करून ठेवल्या, कप विसळून पालथे घातले, न्हाणीघर कोरडं केलं. बॅग भरली, मला वर ठेवलं आणि बॅग दाराशी लावली. मग दोघं नाश्त्याला गेली. दोरी बांधलेली चहाची पुडी कपात बुडवून दोघांना चहा काही रुचला नाही, हे मला मागाहून कळलं.

इकडे खोली आवरणारी चित्रा आली. बघते तर खोली लख्ख, सामान दाराशी. तिला वाटलं, माणसं गेली आणि बॅग विसरली. तिने मला उचललं, आत पाणी हलतंय हे ऐकलं आणि ओतून टाकायला फिरकी धरली. माझा जीव टांगणीला लागला. पण माझं झाकण जुनं, हट्टी. तिने दोनदा जोर लावला आणि नाद सोडला. बॅगेसकट मला खालच्या स्टोअरमध्ये नेऊन ठेवलं आणि खोली रिकामी झाल्याचं काउंटरवर सांगितलं.

दोघं वर आली तर कार्डाने दार उघडेना. आतून दुसऱ्याच पाहुण्यांनी डोकावलं. रतनचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा तांब्या कुठाय?" ती एवढंच विचारत होती. कपडे, औषधं, कशाचीच तिला शुद्ध नव्हती. शेवटी चित्रा सापडली. ती बिचारी ओशाळली. "काकू, एवढी आवरलेली रूम मी कधी बघितली नाही. मला वाटलं, तुम्ही गेलात." ती त्यांना मागच्या जिन्याने खाली घेऊन आली.

स्टोअर हॉटेलच्या अगदी पाठीमागे. तिथे कचऱ्याचे डबे, धुण्याची गाठोडी आणि हवेसाठी उघडं ठेवलेलं लोखंडी दार. रतनने मला उचलून छातीशी धरलं, दारातून बाहेर बघितलं आणि जागीच थांबली. तिवरांच्या झाडीपलीकडे खाडी होती. अलीकडे चिखलात मोडका बांध, त्यावर तोच चपटा दगड. मी ओळखला. माझ्या बुडावर त्याचे पोचे आहेत.

"काकू, तिकडे घाण आहे," चित्रा म्हणाली.

"माझ्या बापसाची जागा हाय ती," रतन म्हणाली आणि चपला काढून उतरली. उत्तमराव तिचा हात धरून मागोमाग गेले.

तिने मला दगडावर दोनदा हळूच आपटलं. चित्राला न उघडलेलं झाकण सहज फिरलं. पहिला घोट बांधावर पडला आणि चिखलाने लगेच पिऊन टाकला. "बाबा सांगून नाय आला," रतन म्हणाली, "म्हणून मी आले." मग ती मनसोक्त रडली. उत्तमरावांनी उरलेलं पाणी तिला पाजलं आणि शेवटचा घोट स्वतः घेतला.

तेवढ्यात पुन्हा योगिनीचा कॉल. "आई, खरं सांग. खाडी दिसली का?"

"खिडकीतून नाय दिसली गो," रतन म्हणाली, "पण तू पाठवलंस म्हणून दिसली." तिने फोन खाडीकडे वळवला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी शोकेसमध्ये बसलं असेल. त्याला घासूनपुसून ठेवता, ते ठीक. पण त्याच्यात फुलं, पिसं खोचू नका. तो कुठे जायचा, ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि त्याला पाणी भरून एकदा तिथे घेऊन जा. मी आता पुन्हा मोहन्याला आहे, पण शोकेसमध्ये नाही. रतनच्या उशाशी असतो, रोज भरलेला. आणि गंमत म्हणजे, मला आता गप उभं राहता येतं.