डाव्या रांगेतल्या पट्ट्या

अड्याळजवळच्या तलावात बुधराम चाळीस वर्षं मासे धरत होता आणि जवळजवळ तितकीच वर्षं भजनात ढोलकी वाजवत होता. त्यामुळे नातीनं, टीनानं, त्याच्या मोबाइलवर तो फुकटचा खेळ टाकून दिला तेव्हा दोन दिवसांत तो त्यात तरबेज झाला. गाणं वाजायचं, वरून चार रांगांत काळ्या पट्ट्या उतरायच्या, तालावर बोट पडलं की पट्टी विझायची. एक सुटली की गाणं बंद. जाळं टाकून झालं की डोंग्यात, आपल्या लहानशा होडीत, फळीवर मोबाइल ठेवून बुधराम दोन्ही हातांनी वाजवत बसायचा. दर गाण्यानंतर जाहिरात यायची. तिला शिव्या घालून तो पुन्हा खेळायचा. गाणं पूर्ण झालं की आकड्याचा फोटो टीनाला पाठवायचा.

"मासोऱ्या पळून जातीन अन् तुमी टकटक करत बसान," बायको रेवताबाई म्हणायची.

त्या सकाळी त्यानं एक गाणं पूर्ण केलं, फोटो पाठवला आणि दुसरं लावलं. ते लगेच बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. दर वेळी डावीकडचीच पट्टी सुटत होती. "काच खराब झाली वाट्टे," म्हणत त्यानं दुपट्ट्यानं मोबाइल पुसला. परत सुरू केलं आणि या वेळी त्याची नजर पट्टीवरून बोटावर गेली. पट्टी आली, निघून गेली. बोट फळीवर तसंच पडून होतं. उचलायला गेला, तर अख्खा हातच आपला नसल्यासारखा.

लाळ गुडघ्यावर गळाली. ती त्याला दिसली, पण ओठाला कळली नाही.

घरी फोन लावायला उजव्या हातानं मोबाइल उचलला, तर पडदाभर पत्त्यांच्या खेळाची जाहिरात. एक बाई किंचाळून पैसे जिंकायला बोलावत होती. कोपऱ्यातली फुली तिळाएवढी. अंगठा फुलीच्या बाजूला पडला आणि भलतंच काही उघडलं. मागे आला, तर दुसरी जाहिरात. डोंगा एका अंगाला कलत होता. जन्मभर पाण्यात वाढलेल्या बुधरामला पहिल्यांदाच पाण्याची भीती वाटली. पडलो, तर एका हातानं किती वेळ तरंगणार?

चौथ्या खेपेला फोन लागला. "रेवता, ये," असं तो म्हणाला. निदान त्याला तसं वाटलं. कानावर आला तो नुसता गुळगुळ आवाज.

"सकाळी सकाळी पेऊन बसले काय?" रेवताबाई डाफरली.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. शब्द निघेना, तेव्हा त्याला रडू फुटलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

"हालू नोका. बसून राहा जाग्यावर," ती म्हणाली, आणि मग तिची किंकाळी ऐकू आली, "भूपेश! बाबाले पाह्य रे, बाबाले काईतरी झालं!"

मुलगा भूपेश दुसरा डोंगा घेऊन आला तोवर बुधराम फळी घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता. काठावर एकशेआठची गाडी आली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "लकवा दिसतोय. हे शेवटचे धड कधी होते? नक्की वेळ सांगा. मेंदूचा फोटो काढून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं, तर तेव्हापासून साडेचार तासांच्या आत हवं."

बुधरामला सांगता येईना. भूपेशला ठाऊक नव्हतं. रेवताबाईनं टीनाला फोन केला. टीना म्हणाली, "आबानं आठ वाजून बारा मिनिटाले फोटो पाठवला ना! पूर्ण गाण्याचा."

इंजेक्शन वेळेत मिळालं. आठ दिवसांत बोलणं सुधारलं, हातात जीव आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटांना काम द्या, हवं तर तो खेळही खेळा; आणि कधी शंका आली, तर दोन्ही हात वर करून बघा, एक खाली घसरला तर लगेच या.

महिनाभर त्यानं मोबाइलला हात लावला नाही. मग एका दुपारी टीनाच्या आग्रहाखातर ओसरीवर बसून गाणं लावलं. अर्ध्यात डावीकडची एक पट्टी सुटली. टीना हसली, "आबा, हारले!"

बुधरामनं मान वर केली. सूप टाकून रेवताबाई दारात येऊन उभी होती.

"हात वर करा," ती म्हणाली. "दोनी."

त्यानं दोन्ही हात वर केले. डावा थोडा खाली होता की त्याला तसं वाटत होतं? तिनं जवळ येऊन बराच वेळ पाहिलं.

"बरोबर हायेत," ती म्हणाली. पण आत गेली नाही. तिथंच त्याच्या पायाशी बसली.