धाकट्या जावेची किटली

माझी सून कारखान्यात नव्या वस्तूंची रचना आखते. आधी कच्चा नमुना करते, कुणाच्या तरी हातात देते, बघत बसते, मग मोडते आणि पुन्हा करते. मोडण्याचा पगार घेणारी आमच्या घराण्यात ही पहिलीच.

या खेपेला विजेची किटली होती. धाकट्या जावेचं मनगट मोडलं, जुळलं, पण जोर परतला नाही. भरली किटली धरली की हात लटपटायचा. चहा मीच ओतून द्यायची. "मला माझ्या हातानं ओतता यायला हवं गं," असं ती म्हणाली, तेही सुनेला. मला नाही. ते मला लागलं.

सुनेनं जाड मुठीची किटली आणली. जावेनं ओतली, थेंब सांडला नाही. दुसरी हलकी आणली, तीही झकास. कारखान्यात मात्र चाचणीला बोलावलेल्या दुखऱ्या हातांच्या बायकांकडून त्याच किटल्या कलंडत होत्या. सून चक्रावली. इतके दिवस तिचं लक्ष तोटीकडे असायचं. त्या दुपारी ती जरा मागे सरकून उभी राहिली.

"आई, तुमचा हात कुठाय?"

हात किटलीच्या बुडाखाली होता, फडक्यासकट. घरात कुणी काही उचललं की तो आपसूक तिथे जातो.

"मग काय, पडू देऊ?"

"पडू द्या. पाणी गार आहे, फरशी मी पुसेन."

मला खिडकीपाशी खुर्ची मिळाली. बोलायचंही नाही म्हणे. मनगट मोडलेलं परवडलं.

जावेनं किटली उचललीच नाही. ओट्याच्या कडेशी सरकवली, बुडाच्या पुढच्या काठावर टेकवून हळूच कलती केली. निम्मं पाणी कपात, निम्मं फरशीवर. सून पुसायचं विसरली. म्हणाली, "काकू, पुन्हा करा. अगदी तसंच."

मग सुनेनं किटलीला पाळणा केला. त्यातच ती तापायची, मूठ दाबली की पुढे झुकायची. पहिला पाळणा अडकला, दुसरा भसकन झुकला, मग तोटी आखूड झाली. प्रत्येक वेळी जाव ओतायची, सून बघायची आणि मी ओठ आवळून बसायची.

शेवटी एका सकाळी जावेनं उकळतं पाणी ओतून चहा केला. सावकाश, एकटीनं. एक कप माझ्यापुढे ठेवला.

"साखर कमी आहे," मी म्हटलं.

"मला एवढीच लागते, जाऊबाई. तुम्ही कधी विचारलं नाहीत," ती म्हणाली, आणि स्वतःचा कप भरायला वळली.