बाहेर बसा, आत्या

जळगावात डॉक्टरांचा काही दुष्काळ नाही. पण पार्वताबाईंना डॉक्टर नको होता, आपलं माणूस हवं होतं. सुनेचं बाळंतपणापासून बिनसलंय ही गोष्ट त्यांच्या सावदा गावात चार तोंडी होण्याआधी झाकली मूठ झाकलेलीच राहायला हवी, आणि परक्यापुढे घरचं उघडं करायला त्या काही खुळ्या नव्हत्या. मेहरूणमध्ये समुपदेशन करणारी संघमित्रा म्हणजे त्यांच्या चुलत भावाची, चुडामणभाऊंची मुलगी. झालं तर मग! घरचं घरातच राहील. म्हणजे सुनेने मन मोकळं करायचं ते कुणापुढे, तर नणंदेपुढे. नणंदेपुढे मन मोकळं केलेली सून खानदेशात अजून कुणी पाहिली नसेल, पण हे पार्वताबाईंना सांगायची कुणाची टाप होती?

सुनेला, प्राचीला, मात्र सकाळपासून तिथे जायचंच नव्हतं.

तिचं दुखणं दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं. ती विळीवर गिलकी चिरत होती, शेजारी गोधडीवर तेजस झोपला होता, आणि एकाएकी तिच्या डोळ्यांपुढे ते पातं आणि बाळाची मान एकत्र दिसली. बस्स, एवढंच. तिने विळी उचलून माळ्यावर भिरकावली. त्या दिवसापासून घरात नुसतं पिठलं, डाळीचं घुटं, शेवेची भाजी आणि भरीत. वांगं भाजायला पातं लागत नाही, कांदा मुठीने फोडता येतो. नवरा रवींद्र केळीच्या वखारीवरून दमून यायचा आणि मुकाट जेवायचा. पार्वताबाई म्हणायच्या, "रोज भरीत, रोज भरीत! तुह्या हाताले भाजी चिरता येईना का आता?"

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही उगाच नाही. विळी गेली तर न्हाणीतलं गरम पाणी आलं, पाणी टाळलं तर गच्ची आली. मग प्राचीने तेजसला उचलणंच सोडलं. पाजायचं, तेही सासू जवळ असताना. हिला पोराची माया नाही, असं घरात बोललं जायचं आणि ती बोलू द्यायची. खरं कळलं तर काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेजसला ठेवून घेतील आणि तिला शिरपूरला माहेरी नेऊन सोडतील. शिवाय तिला स्वतःलाच वाटायचं, की त्यांनी तसं केलं तर बरोबरच करतील.

संघमित्राच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीवर पार्वताबाई तेजसला घेऊन बसल्यासुद्धा. "ही तुही वहिनी. जेवत नाही, झोपत नाही, पोराले हात लावत नाही. मी सांगते तुले सारं."

"आत्या, तुम्ही बाहेर बसा."

"मी?"

"हो. इथं प्राचीच बोलतील."

पार्वताबाईंनी उभ्या आयुष्यात दवाखान्यात कुणाला एकटं सोडलं नव्हतं. नवऱ्याच्या पोटदुखीत तर डॉक्टरांना कुठे दुखतं हेसुद्धा त्यांनीच सांगितलं होतं. त्या उठल्या खऱ्या, पण दार लावून घेताना ते असं काही लावलं की भिंतीवरचं घड्याळ हललं.

"आधी दोन गोष्टी सांगते," संघमित्रा म्हणाली. "मी तुमची नणंद लागते, म्हणून तुमचे पुढचे उपचार मला करता येणार नाहीत. फोनवर आत्यांना सांगितलं होतं, पण त्या ऐकेनात. धुळ्याला हेमलता पावरा म्हणून समुपदेशक आहेत. आपल्या कुणाच्या कुणी लागत नाहीत. तुमची तयारी असेल तर त्यांच्याशी गाठ घालून देते. आजची ही वेळ मात्र तुमची आहे."

प्राचीने पहिल्यांदाच मान वर केली.

"दुसरं. इथं बोललेलं इथंच राहतं. आत्यांना, रवींद्रभाऊंना, माझ्या घरी, कुठेच जात नाही. अपवाद एकच. कुणाच्या जिवाला खरा धोका आहे असं वाटलं, तर मला दुसऱ्यांना सांगावं लागतं. तेसुद्धा आधी तुम्हाला सांगून."

प्राचीच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे तो अपवाद मीच, ती मनाशी म्हणाली. आता ताकास तूर लागू द्यायची नाही. काहीतरी सांगायचं आणि उठायचं.

"झोप लागत नाही," ती म्हणाली.

"बरं."

"भूकही नाही."

संघमित्रा पुढे काहीच विचारीना. गोळ्या लिहून देईना, नाडी बघेना, उपदेश करीना. असला कसला दवाखाना? प्राचीने ओढणीच्या टोकाला पीळ घातला, सोडला, पुन्हा घातला. ही शांतता तिला प्रश्नांपेक्षा जड जात होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती "येते" म्हणून उठलीच असती.

तेवढ्यात बाहेर तेजस रडायला लागला.

त्याच्या रडण्याने तिला पान्हा फुटला, कुडता ओला झाला, पण ती जागची हलली नाही. दार न वाजवता उघडलं. पार्वताबाई आत आल्या आणि त्यांनी रडतं बाळ पुढे केलं. "भुकेला हाय तो. घे."

"माझ्याजवळ देऊ नका!"

प्राची इतक्या जोरात ओरडली की तेजस क्षणभर रडायचा थांबला. तिची पाठ भिंतीला लागली होती आणि हात मागे होते.

"पाह्यलं ना? पोटचं पोर हाय, अन् घेत नाही! माया नाही तिले. म्हणून तर आणली तुह्याकडे."

"आत्या, बाहेर बसा."

"पोरगं उपाशी हाय!"

"थोडा वेळ. बाहेर बसा, आत्या."

त्या गेल्यावर या वेळी संघमित्राने दाराला आतून कडी लावली. वळून ती म्हणाली, "तुम्हाला माया नाही असं मला वाटत नाही. तुम्हाला भीती वाटतेय. कशाची?"

आणि प्राचीने सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं. विळी, न्हाणी, गच्ची, सगळं. सांगून झाल्यावर आता ही बाई फोन उचलणार, म्हणून ती मान खाली घालून वाट बघत राहिली. फोन कुणी उचलला नाही.

"तसं करावंसं वाटतं कधी?"

"नाही! कधीच नाही!"

"कुणी कानात सांगतंय, असं होतं?"

"नाही."

"विचार आला की तुम्ही काय करता?"

"लांब जाते त्याच्यापासून. सगळं लपवते. विळी, सुरी, कात्री."

संघमित्रा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. "प्राची, बाळंतपणानंतर कितीतरी आयांना असे विचार येतात. लाजेने त्या कुणाला सांगत नाहीत. ज्या विचाराने तुमचा असा थरकाप होतो, ती तुमची इच्छा नाही, ती भीती आहे. पळाल्याने ती वाढते. यावर उपचार आहेत. हेमलताताई ते नीट करतील, आणि एका मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवू. लगेच थांबणार नाहीत हे विचार, येत राहतील. पण कधी तसं करावंसं वाटलं, किंवा काही ऐकू यायला लागलं, तर त्याच घडीला सांगायचं. माझा फोन आहेच."

"मग तो अपवाद?"

"मला आज धोका दिसत नाही. मी कुणाला काही सांगणार नाही."

"म्हणजे काढून नाही ना घेणार?"

"कुणाला?"

"तेजसला." एवढंच म्हणायचा अवकाश, प्राची तोंडात ओढणी कोंबून रडली. दोन महिने ती मुलासाठी रडली होती आणि लोक म्हणत होते, हिला माया नाही!

नंतर संघमित्राने तेजसला आत आणलं. प्राचीने त्याला तिथेच खुर्चीत पाजलं. तो आपला डोळे मिटून पीत होता.

निघताना पार्वताबाईंनी भाचीला गाठलंच. "काय म्हणे ती?"

"ते त्यांनाच विचारा, आत्या."

"अवं, मी तुही आत्या!"

"म्हणूनच नाही सांगत."

"आपली म्हणून आणली, अन् तू परकी निघाली!" पार्वताबाई फणकाऱ्याने जिन्याकडे वळल्या. तेजसला खांद्यावर घेऊन प्राची त्यांच्या मागून निघाली.

पहिल्याच वळणावर कठड्यापलीकडे खालचा फरशीचा चौक दिसला आणि विचार आला. तसाच, एकाएकी, सगळं रक्त गोठवणारा. प्राची थांबली. बाळ सासूकडे दिलं की सुटका, हे तिला माहीत होतं.

"आई," ती म्हणाली, "मला विचार येतात. माझ्या हातून तेजसला काही होईल, असे. म्हणून मी त्याला घेत नव्हते. आत्ताही आला. इथून खाली..."

पार्वताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हात झटकन पुढे आले. "आण त्याले इकडे!"

"नाही." प्राचीने तेजसला आणखी जवळ घेतलं. "विचार येतो आणि जातो. मी त्याला काही करत नाही. कधीच केलं नाही, आई. राहू द्या माझ्याजवळ."

पार्वताबाईंचे हात तसेच पुढे राहिले. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, खांद्यावर पेंगणाऱ्या नातवाकडे पाहिलं. मग हळूहळू हात खाली घेतले आणि दुपट्याची पिशवी उचलली.

"चाल. सावकाश उतर."

आणि त्या पुढे झाल्या. खालपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांना किती वळावंसं वाटत होतं, ते प्राचीला त्यांच्या ताठ पाठीवरून दिसत होतं.