वायरीची गाठ

चष्मा पडला नसता, तर भोंगेकाकांना ते कधी दिसलंच नसतं. उपासना संपून माणसं चर्चच्या दारापाशी पाळकांना भेटत होती आणि काका व्यासपीठावर गुडघे टेकून आपल्या माइकच्या मागं चाचपडत होते. चष्मा सापडला. त्याच्याशेजारी माइकची वायरही सापडली. ती कशालाच जोडलेली नव्हती. नीट गुंडाळून, सुतळीनं बांधून पडद्याआड सारलेली, वर बोटभर धूळ.

काकांनी सुतळी बोटांनी चाचपली.

इस्पितळाच्या लाँड्रीत तीस वर्षं यंत्रांच्या धडधडाटात चादरी धुता धुता त्यांचा आवाज चढला होता आणि कान उतरले होते. भोंगे हे नावही तिथलंच. रविवारी पाळक गात गात उपदेश करत, कथा रंगवत नेत, आणि ते जिथं थांबत तिथं ध्रुपद काकांनी उचलायचं. त्यासाठी काका शनिवारपासून गार पाण्याला शिवत नसत.

सुतळीची गाठ त्यांनी ओळखली. चादरींच्या गठ्ठ्याला मारतात ती दुहेरी गाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. घरी ती त्यांनी एकाच माणसाला शिकवली होती.

जेवताना त्यांनी विषय काढला. बायकोचा वाढता हात थांबला नाही.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "हे पाळक नवे आले तेव्हा तुम्हाला खाली बसवायचं म्हणत होते. सूर सुटतो म्हणून. मी म्हटलं, बसवू नका हो, मी बघते काय ते."

मंडळींना ठाऊक होतं का, काकांनी विचारलं. ठाऊक होतं. सगळ्यांना. गेल्याच रविवारी ज्या सुतारानं हात दाबून 'आज काय आवाज लागला होता' म्हटलं होतं, त्यालासुद्धा.

"अगं, मग इतकी वर्षं मी कुणासाठी गात होतो?"

"ते मला काय विचारता? मी वायर काढली, एवढंच." मग तिनं पदर डोळ्यांना लावला. "खाली बसलेले तुम्ही मला बघवले नसते."

बुधवारी मोठ्या यंत्राचा पट्टा तुटला आणि लाँड्रीत कधी नव्हे ती शांतता पसरली. काकांनी डोळे मिटले, प्रार्थना करावी म्हणून. शब्द आले, नेहमीचेच, भारदस्त, पण प्रत्येक शब्द चर्चमधल्या बाकांकडे चोरून बघत होता. काकांनी एकेक सोडून दिला. शेवटी काहीच उरलं नाही. ते हबकले. ज्याच्या नावानं उभं आयुष्य गायलो, त्याच्याशी एकट्यानं बोलायला आपल्याजवळ एक शब्द नसावा? वायरीचा धक्का यापुढं काहीच नव्हता.

ओल्या चादरींच्या ढिगावर ते बराच वेळ बसले. मग ओठांतल्या ओठांत म्हणाले, "प्रभू, मी आलोय."

घडलं काहीच नाही. पण उठावंसं वाटेना. मेकॅनिकनं पट्टा चढवून खांदा हलवला, तेव्हा कुठं ते उठले.

रविवारी ते पोचले तर बायको आधीच व्यासपीठावर. सुतळी सोडलेली, वायर हातात.

"लावते," ती म्हणाली. "कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

काकांनी वायर तिच्याकडून घेतली. बाहीनं धूळ पुसली, वायर पुन्हा गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं दुहेरी गाठ मारली.

"तू बस जा जागेवर."

पाळकांनी त्या दिवशी हरवलेल्या मेंढराची कथा लावली होती. मेंढपाळ काट्याकुट्यांतून हाका मारत निघाला आणि पाळक थांबले. काका उभे राहिले. माइकवरची कापडी टोपी त्यांनी काढलीच नाही. ध्रुपद त्यांनी इतक्या हळू उचललं की त्यांचं त्यांनाही ऐकू येईना, फक्त छातीवरची गुंडी थरथरत होती.

सवयीनं कान मिटून बसलेली मंडळी एकेक करून वर बघू लागली. पाळकांनी मान वळवली. काकांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. पुढची ओळ घ्यायची पाळी पाळकांची होती. ते तसेच थांबून राहिले.