कॉलरचं माप

दोरा तिसऱ्यांदाही नेढ्यातून गेला नाही. लेकीने त्याचं टोक दातांनी तोडलं, ओलं केलं, मनगट मशीनवर टेकवलं. बोटं थरथरतच राहिली.

"सुईत दोरा ओवतेस की तिला वेसण घालतेस?" समोरून मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे तिचे वडील. खाली त्यांचं शिवणकामाचं दुकान, वर दोघांचं घर. त्यांची जीभ कात्रीच्या तोडीची होती आणि लेकही सहसा उधार ठेवायची नाही. आज ती हसलीसुद्धा नाही.

"बाबा, वर परत कुणीतरी पळतंय."

मास्तरांच्या हातातला खडू कापडावरच थांबला. भर दुपार होती. वर घरात कुणी नव्हतं.

"मला नाही ऐकू येत."

"उशीला कान लावला की अगदी जवळ येतं. पलंग हलतो. आता तर बसल्याबसल्याही ऐकू येतं."

पंचवीस वर्षांपूर्वी त्याच पलंगावरून तिच्या आईने हेच सांगितलं होतं. तीही भर थंडीत खिडक्या सताड उघडायची, दोघांचं एकटी जेवायची आणि काटकुळी होत चालली होती. जेवते ही, अंगी लागतं भलत्याच कुणाच्या, असं शेजारणी कुजबुजायच्या. एका सकाळी ती जिन्यातच कोसळली, ती परत उठली नाही. तेव्हा तिला चौतीस वर्षं झाली होती. लेकीला गेल्याच आठवड्यात चौतीस पूर्ण झाली होती, आणि ते जे काही आहे ते आता आपल्याला न्यायला आलंय, अशी तिची खात्री पटली होती.

"कसं पळतं? वाजवून दाखव बघू."

तिने टेबलावर बोट आपटलं. टक टक टक. मग काहीच नाही. मग टक टक, पुन्हा थांबणं, आणि एकदम पाच-सहा घाईचे ठोके. लंगडं माणूस जीव मुठीत धरून पळावं तसं.

"पुरे," म्हणत मास्तरांनी तिचा दुसरा हात धरला. मनगट घामाने ओलं होतं. तिचं बोट थांबलं नव्हतं. टेबलावर तीन ठोके पडले, मास्तरांच्या बोटांखालीही तीनच. टेबल गप्प झालं तेव्हा मनगटही गप्प झालं. मग दोन्ही एकदम पळत सुटली.

मास्तरांनी मनगट सोडलं नाही.

"ते वर नाहीये गं," ते हळूच म्हणाले. "तुझ्यातच आहे."

हे ऐकून ती आणखीच घाबरली, आणि कोण घाबरणार नाही? मास्तरांनी मात्र गळ्यातली टेप काढून तिच्या गळ्याभोवती धरली. माप घेतलं की आकडा मोठ्याने बोलायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. आज ते बोललेच नाहीत. त्यांनी कपाटाच्या तळातून एक जुनी वही काढून पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

"शटर ओढ. डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरबाईंनी तिला घोटभर पाणी गिळायला लावलं, गळा चाचपला, डोळे पाहिले, हृदयाचा आलेख काढला.

"रक्त तपासूच, पण मला हा थायरॉईडच वाटतो. गळ्यातली ही ग्रंथी सुजून जास्त काम करायला लागली की सगळ्या शरीराला घाई सुटते, खाल्लेलं अंगी लागत नाही. हृदय पळतं, ताल चुकतो, हात कापतात, घाम फुटतो, उगाच भीती वाटते. औषधं आहेत. वेळेवर आलात. घरात आधी कुणाला होता?"

"नाही," लेक म्हणाली.

मास्तरांनी पिशवीतून वही काढली, एक पान उघडून डॉक्टरबाईंसमोर ठेवलं. वर तिच्या आईचं नाव होतं, खाली तीन वर्षांतली कोटाची मापं, मास्तरांच्याच सुबक अक्षरात. कंबर दर वेळी कमी. गळा तेरा, साडेतेरा, चौदा, साडेचौदा.

"मी दर वेळी कॉलर सैल करून द्यायचो," मास्तर म्हणाले. "ती म्हणायची, आता बरं वाटतंय."