बाळाला दूध पाजणारी अर्धी शिंपली

मी शिंपली बोलतेय. खरं सांगायचं तर अर्धीच. माझी दुसरी बाजू कुठे गेली ते मला ठाऊक नाही. पण अर्धी असले तरी माझं काम पुरं झालं, म्हणून बोलायला बसलेय.

माझा जन्म खाडीच्या पाण्यात झाला. जन्मले तेव्हा मी शिंपलीसारखी दिसतही नव्हते. आईने लाखो अंडी पाण्यात सोडली आणि ती मोकळी झाली. आमच्यात बाळंतपण नाही, कोडकौतुक नाही, कोण जगलं कोण गेलं याची चौकशीही नाही. मोहरीहून बारीक असे आम्ही दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत होतो. बहुतेक भावंडं माशांच्या पोटात गेली. मी तळाला जाऊन चिखलात बसले म्हणून वाचले.

माझ्या आत एक मऊ जीव राहायचा. तो आणि मी मिळून शिंपली. त्याला डोळे नाहीत, डोकं नाही, त्यामुळे डोकेदुखीही नाही. एक जाडसर पाय होता, तोही चालायला नाही, चिखल उकरून आत शिरायला. दोन नळ्या तो वर काढायचा. एकीने पाणी आत घ्यायचा, कल्ल्यांमधून गाळून त्यातला खाऊ ठेवायचा आणि दुसरीने स्वच्छ पाणी बाहेर सोडायचा. दिवसभर हेच. खाडीचं पाणी आम्ही फुकट गाळून देतो, पण आमची आठवण लोकांना जेवायच्या वेळीच येते.

मला त्या जिवानेच बनवलं. त्याच्या अंगाभोवती पातळ कातडीचा पदर असतो. पाण्यातला चुना घेऊन तो पदर माझ्या कडेला थराथराने लावायचा. माझ्या पाठीवर रेषा दिसतात ना, त्या माझ्या वाढीच्या. खाऊ भरपूर मिळाला तेव्हा रेषा लांब लांब पडल्या, हाल झाले तेव्हा जवळ जवळ. बाळाच्या वजनाचा कागद असतो तसंच समजा.

आमच्या नात्यात तऱ्हेतऱ्हेचे लोक आहेत. कालवं फार हट्टी. एकदा खडकाला चिकटली की जन्मभर हलायचं नाव नाही, काढायला गेलं तर हात कापतात. पंख्यासारख्या शिंपल्या असतात त्या उलट उनाड. दोन्ही बाजू फटाफट मिटत त्या पाण्यात चक्क पोहतात, आणि त्यांच्या कडेला बारीक बारीक डोळ्यांची रांग असते. आम्ही मधल्या. ना चिकटायचं, ना उनाडायचं. चिखलात गप बसायचं. आणि हो, मोती विचाराल तर माझ्यात नव्हता. सगळे तेच आधी विचारतात.

चौथ्या वर्षी ओहोटीच्या वेळी एका बाईचा पंजा माझ्या पाठीवर खट्‌ करून लागला. पंजा म्हणजे लोखंडी दातांचं अवजार, त्याने चिखल ओढतात. पन्नाशीची बाई, गुडघ्याएवढ्या चिखलात उभी. तिने मला उचलून टोपलीत टाकलं. तोंड उघडं पडलेली एक शिंपली तिला मिळाली, तर तिच्यावर तिने टिचकी मारली. जिवंत शिंपली टिचकीने मिटते. ती मिटली नाही. "मेलेली आहेस बाई तू," म्हणत तिने ती लांब फेकली. एक मेलेली शिंपली पातेल्यात गेली तर घरभर पोटं बिघडतात.

तिथून शिंपल्या विकत घेऊन सोलतात त्या शेडमध्ये. दारातच वजनकाटा आणि त्याच्यामागे काटेवाला. त्याला सगळ्या बायका तूटभाऊ म्हणायच्या. कारण असं की आम्ही तोंड घट्ट मिटतो तेव्हा खाडीचं पाणी आत धरून ठेवतो. ते पाणी वजनात येतं. म्हणून दर टोपलीमागे आधी टोपलीचं वजन वजा, वर दीडशे ग्राम पाण्याची तूट वजा. तूटभाऊ मान वर न करता हे करायचा.

"अहो भाऊ, आज माझ्या शिंपल्या वाळलेल्या आहेत, बघा तरी!" बाई म्हणाली.

"तूट ती तूट, वहिनी."

"तुमच्या बायकोने ताटात भात वाढला तरी तूट कापत असाल."

"कापतो की. म्हणून तर बारीक आहे."

बायका हसल्या आणि लांब टेबलाशी बसल्या. प्रत्येकीच्या हातात आखूड, बोथट सुरी. आमच्या मागच्या बाजूला एक चिवट सांधा असतो, तो आम्हाला सतत उघडायला बघतो. आतले दोन स्नायू आम्हाला मिटून धरतात. ते दोन स्नायू कापले की संपलं. त्याच बाईने माझे कापले. मऊ जीव बादलीत गेला, मी मागच्या ढिगावर.

ढिगावरून पुढे जायच्या वाटा ठरलेल्या. काहींना भट्टीत भाजून चुना करतात. काहींचा चुरा कोंबड्यांना घालतात, म्हणजे अंड्यांचं कवच टणक होतं. काही रस्त्याच्या खड्ड्यात जातात. मी कोंबड्यांच्या वाटेला जाणार होते. पोतं भरायलाही घेतलं होतं.

तेवढ्यात ती बाई परत ढिगापाशी आली. खाली बसली आणि एकेक शिंपली उचलून तिची कड स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवायला लागली. टोचली की फेकायची, पुढची घ्यायची. शेजारीण म्हणाली, "काय हो, पोट भरलं नाही का? शिंपल्या चाटताय!"

"नातीसाठी बघतेय," ती म्हणाली. विसावी-बाविसावी मी असेन. माझी कड तिच्या ओठावरून गेली आणि तिने मला पदराच्या गाठीत बांधलं.

तिची नात आठव्या महिन्यातच जन्मली होती. एवढीशी, हातपाय काड्यांसारखे. आजी तिला शेंग म्हणायची. दवाखान्यातून आदल्या दिवशीच घरी आणली होती, तेव्हा वजन एक किलो आठशे. सिस्टरने सांगितलं होतं, "पुढच्या सोमवारी, म्हणजे आठ दिवसांनी आणा. निदान एक किलो साडेनऊशे भरली पाहिजे. नाही भरली तर परत भरती करून नाकातून नळी घालावी लागेल." शेंगेला दूध ओढायची ताकद नव्हती. अंगावर घेतली की दोन मिनिटांत दमून झोपायची. म्हणून तिची आई दूध वाटीत काढायची आणि चमच्याने पाजायची. पण स्टीलच्या चमच्याची कड ओठाला लागली की शेंग तोंड फिरवायची, आणि निम्मं दूध मानेवरून कानात.

आजीने मला पुढे केलं तेव्हा सून दचकलीच.

"आई, अहो, हे चिखलातलं आहे!"

"मग? तू शेतातली भाजी खातेस ती काय कपाटात उगवते?"

"तिला काही झालं म्हणजे?"

"आपण सिस्टरला विचारू. ती नाही म्हणाली तर कोंबड्यांना घालू."

सिस्टरने मला उलटसुलट बघितलं, कडेवरून बोट फिरवलं. "चालेल. पण दर वेळी वीस मिनिटं उकळा. दूध ओतायचं नाही, नुसतं ओठाला टेकवायचं, ती तिच्या जिभेने घेईल. दमली की थांबायचं. आणि रोज आधी अंगावर घेत जा, दोन मिनिटं तर दोन मिनिटं."

तेव्हापासून माझी दुसरी नोकरी सुरू झाली. दर दोन तासांनी उकळी. एका वेळेला मला आठ-नऊदा भरावं लागायचं. माझं टोक शेंगेच्या खालच्या ओठावर टेकायचं, आणि ती मांजराच्या पिल्लासारखी जीभ बाहेर काढून चाटून घ्यायची. एक घोट, मग विश्रांती. पुन्हा एक घोट. मी जन्मभर पाणी गाळलं होतं, पण एवढ्या सावकाश पिणारं कुणी बघितलं नव्हतं.

तिच्या आईला मात्र धीर नव्हता. नवरा बोटीवर, महिन्याने येणार. ती लेकीचे काडीसारखे पाय दिवसातून दहादा चाचपायची. श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची. झोपलेल्या लेकराला उठवून बघायची आणि मग ते रडलं की स्वतः रडायची. सहाव्या दिवशी तिला राहवेना. सासू ओहोटीला चिखलात गेलेली. हिने शेंगेला गुंडाळलं आणि थेट शेडमध्ये गेली. मी दुपट्यात होते, वाटीसकट, कारण पाजायची वेळ जवळ आली होती.

"भाऊ, जरा हिचं वजन करता का?"

तूटभाऊने भिंतीला टांगलेली तिच्या सासूचीच टोपली काढली, धुतली, मऊ कपडा घातला. शेंगेला उघडी करून आत ठेवली. तिने हातपाय झाडले. काट्यावर आकडा स्थिरावला.

"दोन किलो आठशे तीस," तो पुटपुटला. मग पेन्सिलीने पुठ्ठ्यावर भराभर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "निव्वळ एक किलो सहाशे ऐंशी... थांब, चुकलं. सातशे ऐंशी. एक सातशे ऐंशी."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. दवाखान्यातून लेक एक आठशेची आली होती. सहा दिवस, दर दोन तासांनी. वाढायचं सोडून वीस ग्राम कमी.

ती घरी कशी आली ते तिलाच ठाऊक. आल्या आल्या तिने मला मोरीत ठेवलं. ठेवलं कसलं, टाकलंच. कपाटातून दुधाची बाटली काढली, उकळली. मग सुई गॅसवर लाल केली आणि बाटलीच्या रबरी बुचाचं भोक मोठं केलं. पुन्हा आणखी मोठं. दूध भरून बाटली उलटी करून बघितली तर धार लागली.

"आता कसं जात नाही पोटात बघते," ती म्हणाली.

मी मोरीतून बघत होते. ज्या लेकराला एक घोट गिळून दम खावा लागतो, त्याच्या नरड्यात ती धार गेली तर श्वासाला जागा कुठे राहणार? पण शिंपलीला ओरडता येत नाही.

बाटली शेंगेच्या तोंडापाशी गेली तेवढ्यात दारात चिखलाचे पाय वाजले.

"हे काय चाललंय?" सासू म्हणाली.

"वजन कमी झालंय, आई! तुमच्या शिंपलीने उपाशी मारलंय माझ्या पोरीला! एक सातशे ऐंशी भरली. तूटभाऊंनी केलं वजन. आता परवा नळी घालतील..."

सासूने आधी बाटली काढून घेतली. बाकीचं नंतर. "काट्यावर काय दिसलं? तेवढं सांग. टोपलीसकट."

"दोन आठशे तीस."

"कुठली टोपली?"

"तुमचीच."

"माझी टोपली नऊशेची. पंचवीस वर्षं त्या माणसाशी भांडतेय, मला झोपेत विचार." तिने चिखलाच्या बोटांवर हिशेब केला. एकदा केला, पुन्हा केला. मग कपाळावर हात मारला. "अगं, एक नऊशे तीस होतात! मेल्याने माझ्या नातीची तूट कापली!"

"कसली तूट, आई?" सुनेने विचारलं.

"पाण्याची गं! दीडशे ग्राम!"

शेंगेला घेऊन दोघी तशाच शेडमध्ये गेल्या. तूटभाऊने पुठ्ठा बघितला आणि कानाची पाळी धरली. "हात आपोआप गेला, वहिनी. टोपली समोर आली की हात जातोच."

"तिच्यात कुठलं पाणी?"

"आता नाही. पण मघाशी माझा काटा भिजवून गेली. मला तासभर पुसत बसावं लागलं. म्हणजे थोडी तूट बरोबरच होती."

टेबलाशी बसलेल्या बायका हसून हसून वाकल्या. सुनेला हसूही येत होतं आणि रडूही. घरी आल्यावर तिने बाटलीचं बूच कात्रीने कापून टाकलं. मग मोरीतून मला उचललं. पातेलं चढवलं, आणि वीस मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली.

सोमवारी दवाखान्याच्या काट्यावर शेंग एक किलो नऊशे सत्तर भरली. सिस्टरने कागदावर लिहिलं, "नळीची गरज नाही. असंच चालू ठेवा." आईने तो कागद तीनदा वाचून घेतला, मग बाहेर बाकावर बसून चौथ्यांदा.

असंच महिनाभर चाललं. एका दुपारी नेहमीसारखं तिने मला भरून ठेवलं आणि शेंगेला आधी अंगावर घेतलं. दोन मिनिटं झाली. पाच झाली. शेंग ओढत होती. गालाला खळगे पडत होते आणि घोटाचा आवाज मला ऐकू येत होता. पंधरा मिनिटांनी ती आपणहून सुटली आणि तोंड उघडं टाकून झोपली.

माझ्यातलं दूध तसंच राहिलं. असं कधी झालं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. सांडायचं तरी कसं, थेंब थेंब काढलेलं. तिने मला तोंडाला लावलं आणि पिऊन टाकलं.

"आई, अहो, हे तर गोड आहे!" ती आतल्या खोलीकडे बघून म्हणाली.

"मग तुला काय वाटलं, खारट असेल?"

आता शेंग आठ महिन्यांची आहे. मी खिडकीच्या कट्ट्यावर असायचे. एकदा तिने मला धरून तोंडात घालायचा प्रयत्न केला, तर आईने घाबरून मला वरच्या फळीवर ठेवलं. रिकामी असते, पण कोरडी आणि धड आहे. कड अजून गुळगुळीत आहे.

माझं मागणं काही नाही. एवढंच, की तुमच्यात कुणाचं लेकरू लवकर जन्मलं, ओढायला दमत असेल, आणि सिस्टर हो म्हणाली, तर संकोच करू नका. दार वाजवा आणि मला मागून न्या. परत आणून दिली नाहीत तरी चालेल.